तुम्ही विचारलंय: आई-वडील वेगळे राहतात आणि मुलाच्या उपचारावर एकमत होत नाही. शेवटचा शब्द कोणाचा?

ताबा असलेल्याचा नाही आणि पैसे भरणाऱ्याचाही नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर. कलम ६ मध्ये वडिलांचं नाव आधी आहे म्हणून तुमचा नवरा मिरवत असेल, तर त्याला गीता हरिहरन खटल्याचा १९९९ चा निकाल दाखवा. वडील हयात असूनही मुलाकडे बघत नसतील तर आई पालक ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय.

माझ्या मुलीचा डावा डोळा आळशी, म्हणजे मेंदू तो डोळा नीट वापरायचाच नाही. नुसत्या चष्म्याने भागणार नव्हतं, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे मेंदूला अधू डोळा वापरावाच लागतो. हे सात वर्षांच्या आत जितकं होईल तितकं चांगलं, पुढे फरक कमी पडत जातो. ती पाच वर्षांची होती. चिकटपट्टीसारखी ती पट्टी नाकाच्या बाजूने नखाने उचकटायची आणि टेबलाखाली चिकटवून टाकायची. मग मी रोज पट्टीवर फुलपाखरू काढून द्यायला लागले, तेव्हा कुठे राहायला लागली.

शनिवार-रविवार ती बाबाकडे. रविवारी रात्री दप्तरातून पट्ट्यांचं पाकीट न फोडता परत यायचं. का, तर "लोक विचारतात पोरीला काय झालंय, आणि दोन दिवसांत काय बिघडतं?" सासूबाईंचं म्हणणं, शेवग्याचा पाला खाऊ घाला, नंबर आपोआप जाईल. लोकांनी विचारलं तर सांगावं की डोळ्याचा उपचार चालू आहे! यात लाज कसली? लेकीच्या डोळ्यापेक्षा बिल्डिंगमधल्यांचे प्रश्न मोठे वाटणाऱ्या माणसाला दुसरी बाजू असते, असं मला आजही वाटत नाही.

आमचा घटस्फोटाचा दावा फॅमिली कोर्टात चालूच होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबत अंतरिम, म्हणजे दावा चालू असतानाचा तात्पुरता आदेश मागता येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज केला आणि दोन्ही घरी पट्टी लावायची असा आदेश मिळाला. आता ती त्या डोळ्याने तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचते. "एवढ्याशा पट्टीसाठी कोर्टात गेलीस, बापलेकीत भांडण लावलंस" असं माझा सख्खा भाऊसुद्धा म्हणाला. तिची बाबाकडची भेट मी कधी अडवलेली नाही. दादा हे वाचत असेल तर बरंच आहे.

तुम्ही उपचार कोणता ते लिहिलं नाहीये. काहीही असो, डॉक्टरांकडून लेखी घ्या, तोंडी सांगितलेलं कोर्टात टिकत नाही. आधी कोर्टातल्या समुपदेशकांकडे दोघं बसून बघा, काहींचं तिथेच मिटतं. दावा दाखल नसेल किंवा तुम्ही हिंदू कायद्याखाली येत नसाल तर १८९० चा पालक व पाल्य कायदा बघावा लागेल, त्यासाठी वकील गाठा.