बाटली काही विचारत नाही

"मॅडम, टी ट्रीचं तेल चालंल का?" तुम्ही विचारलेला हाच प्रश्न कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी सारखा ऐकते. टी ट्री म्हणजे ऑस्ट्रेलियातलं एक झाड, त्याच्या पानांचं हे तेल. कुणी लवंगेचं तेल म्हणतं, कुणी गवती चहाचं. तक्रार तीच: अंगावरून पांढरं जातंय, खाज थांबत नाही.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एकीची गोष्ट सांगते. वय एकतीस, नोकरी करणारी. झोप लागत नाही म्हणून आली होती. तिसऱ्या भेटीत तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेली तपकिरी बाटली काढली. लेबल नखानं खरवडून काढलेलं.

"कापसावर घेऊन लावतो. आधी बरं वाटतंय, मग रात्रभर भाजल्यागत हुतंय."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

ती गप्प. मीही गप्प बसले. बोलायची घाई न करणं मी इतक्या वर्षांत शिकले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

"त्यांनी विचारलं, हे कुठनं आलं, तर? सासूबाई सोबत असणार. त्यांना काय वाटंल?"

झोप कशानं उडाली होती, ते मला तेव्हा कळलं. बाटली तिला काही विचारत नव्हती, म्हणून ती तिला जवळची वाटत होती. शरीराच्या तक्रारीला शब्द मिळाला नाही की ती भीती होऊन बसते, असं मी मानते. म्हणून तेल वाईट की चांगलं यावर मी वाद घातला नाही. एवढंच सांगितलं, "हा कँडिडा नावाच्या बुरशीचा त्रास असेल, तर तो लैंगिक संबंधातून येणाऱ्या आजारांत धरत नाहीत. चारांतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी होतो."

"तिघींना?" तिनं दोनदा विचारलं, आणि रडली.

मग लाइट बिलाच्या मागे आम्ही डॉक्टरांना सांगायची वाक्यं लिहिली: 'तीन महिन्यांत दोनदा झालं. तेल लावलं, आग झाली.' तिनं ती मला मोठ्यानं वाचून दाखवली. पहिल्यांदा आवाज फुटेना.

ती एकटीच गेली. तपासणीत बुरशी थोडीशीच निघाली. बरीचशी आग तेलानं कातडी सोलवटल्याची होती.

तुम्हीही विचारताय म्हणून सांगते. टी ट्रीचं तेल प्रयोगशाळेतल्या बशीत कँडिडा मारतं, हे खरं. पण आतली त्वचा म्हणजे बशी नव्हे; तिथं हे तेल भाजतं, अ‍ॅलर्जी आणतं. तेलकट काही लावलं तर लॅटेक्सचा कंडोम कमजोर होतो, तेही ध्यानात ठेवा. शिवाय पांढरं जाणं दर वेळी बुरशीचंच नसतं. दह्यासारखा, वास नसलेला स्राव असेल तर बुरशीची शक्यता जास्त. मासळीसारखा वास आला तर कारण वेगळं आणि औषधही वेगळं. बुरशीवर क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एकच गोळी देतात, तीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. पोटात बाळ असेल तर फ्लुकोनॅझोल मनानं घेऊच नका. वर्षात तीनदा झालं तर रक्तातली साखर तपासून घ्या.

मागच्या महिन्यात ती परत आली, जावेला घेऊन. जावेच्या हातात घडी घातलेलं लाइट बिल होतं.