स्वयंपाक होईपर्यंत हातात दिलेली फोड

सात महिन्यांच्या बाळाला आधी सफरचंद द्यावे की केळे, यावरून तुमच्या घरात वाद चालू आहे आणि तुमचे यजमान फळांच्या रसाचाच आग्रह धरतात म्हणून तुम्ही दुखावल्या आहात, हे तुम्ही सविस्तर कळवले आहे. त्याच पत्रात, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिले आहे : ‘स्वयंपाक होईपर्यंत त्याला झुलत्या खुर्चीत टेकवून हातात सफरचंदाची फोड देते, म्हणजे तो रडत नाही.’ हे वाक्य वाचून मला तुमचा राग आला, तो लपवत नाही.

कच्च्या सफरचंदाचा तुकडा बाळ पुढच्या दातांनी, कधी नुसत्या हिरड्यांनीही तोडू शकते. पण तो चावून बारीक करायला लागणाऱ्या दाढा पहिल्या वाढदिवसानंतरच येऊ लागतात. असा कडक तुकडा मागे सरकला, तर बाळाची अरुंद श्वासनलिका क्षणात बंद होऊ शकते. त्यात बाळ मागे रेललेले आणि तुमची त्याच्याकडे पाठ. घास नुसता घशाशी आला, तर बाळ उमासे काढते, खोकते, आणि तो आवाज ऐकून तुम्ही धावाल. श्वासनलिका पूर्ण बंद झाली, की मात्र आवाजच फुटत नाही. तुम्हाला वाटेल, आज किती शांतपणे खातो आहे.

म्हणून आजपासून, तुम्ही दोघांपैकी कोणी हातातले काम सोडून समोर बसलेले नसेल, तर बाळाच्या हाती फळ जाता कामा नये. तो रडला तर शेगडी बंद करा, जेवण उशिरा होऊ द्या.

सफरचंद की केळे, याला फारसे महत्त्व नाही. केळे कुस्करून द्या. सफरचंद सोलून, दोन बोटांत सहज चिरडेल इतके मऊ वाफवून द्या, आणि दोन्ही वेळा बाळ ताठ बसलेले असू द्या. नवे फळ एका वेळी एकच द्यावे आणि दोन-तीन दिवस थांबून पुढचे, म्हणजे अंगावर पुरळ उठले तर कशामुळे ते कळते. साखर नको, मध तर वर्षभर अजिबात नको, त्यातून लहान बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

रसाबाबत तुमचेच बरोबर आहे, पहिले वर्ष तो देऊ नये. पण तेवढे यजमानांना ऐकवून थांबू नका. स्वयंपाकाच्या वेळी बाळाजवळ बसण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. आणि गुदमरलेल्या बाळाला डोके खाली ठेवून पालथे धरून पाठीवर 5 थापा, मग उताणे करून छातीवर 5 दाब कसे द्यायचे, हे दोघांनीही याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. तुकडा डोळ्यांना दिसत नसताना घशात बोट घालू नये, तो आणखी आत ढकलला जातो.