खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला तर

लीड्सहून एका आईने विचारले आहे की, चार वर्षांच्या मुलाचा खोकला तिसऱ्या आठवड्यातही थांबलेला नाही, तिथले डॉक्टर छाती तपासून ‘विषाणूचा संसर्ग आहे, वाट पाहा’ एवढेच सांगतात, आणि इंदूरच्या लोकमान्यनगरातून सासूबाई रोज फोनवर म्हणतात, ‘अगं, येताना बरोबर दिलेली अँटिबायोटिकची बाटली आहे ना, ती सुरू कर.’ ऐकायचे कोणाचे?

ती बाटली उघडू नका. सासूबाईंची काळजी खरी आहे, म्हणून कारण त्यांनाही कळले पाहिजे. सर्दी आठवड्यात ओसरते, पण श्वासनलिकेचे सुजलेले अस्तर भरून यायला वेळ लागतो. निम्म्या मुलांचा खोकला सुमारे 10 दिवसांत थांबतो, तर दहातल्या एकाचा 25 दिवसांनंतरही रेंगाळतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही, आणि कफ हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले असेही नाही. बाराव्या दिवशी औषध सुरू केले, अठराव्या दिवशी खोकला आपल्या गतीने कमी झाला आणि श्रेय बाटलीला मिळाले, असे इंदुरातल्या माझ्या दवाखान्यात मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्या औषधाने लागलेले जुलाब मात्र कोणी हिशेबात धरत नाही.

दिवसांपेक्षा श्वासाकडे पाहा. मूल शांत किंवा झोपलेले असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 1 ते 5 वर्षांच्या मुलात 40 किंवा अधिक, 2 ते 12 महिन्यांच्या बाळात 50 किंवा अधिक आणि त्याहून लहान बाळात 60 किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल कण्हत असेल किंवा जागे करूनही नीट जागे होत नसेल, तर वाट न पाहता ब्रिटनमध्ये 999 किंवा अमेरिकेत 911 वर फोन करा. ताप उतरून पुन्हा चढला किंवा मूल पाणीही घेईनासे झाले, तरी त्याच दिवशी तपासणी हवी.

काही खोकल्यांना खरोखर अँटिबायोटिक लागते, पण ते डॉक्टरांनी ओळखून दिले पाहिजे. उबळीमागून उबळ येऊन शेवटी ओकारी होत असेल, तर डांग्या खोकल्याची शंका घ्यावी लागते. ओला, कफाचा खोकला 4 आठवड्यांपलीकडे गेला, तर दोन आठवड्यांचा औषधाचा कोर्स दिला जाऊ शकतो. खाता खाता, विशेषतः इंदूरहून आलेल्या नमकीनमधला शेंगदाणा तोंडात असताना, अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तर मूल नंतर शांत झाले तरी ते सांगाच, कारण दाणा श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो. घरात कोणाला दमा असेल किंवा भारतात असताना क्षयरोगी माणसाचा सहवास घडला असेल, तर तेही लपवू नका. आपल्या घरांत हे दोन शब्द फार दबक्या आवाजात उच्चारले जातात आणि त्यात मुलांचे नुकसान होते.

एक वर्षावरील मुलाला झोपताना चमचाभर मध जरूर द्या. त्याखालच्या बाळाला मधाचे चाटणही नको, कारण त्यातून बोटुलिझमसारखी गंभीर विषबाधा होऊ शकते. खोकल्याचे सिरपही मागवू नका. 2025 मध्ये आमच्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारनेही सांगितले की, 2 वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि 5 वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत. ही बातमी सासूबाईंनी इंदुरात नक्की वाचली असेल. त्यांना तिची आठवण द्या.

आणि आज रात्री मुलगा झोपला की त्यांना व्हिडिओ कॉल लावा, फोन त्याच्या छातीजवळ धरा आणि दोघी मिळून मिनिटभर श्वास मोजा. आकडा 40 च्या आत असेल, तर तो त्यांनी स्वतः मोजलेला असेल.