तालुक्याच्या लहान क्लबमधील मुले राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होत असतील, तर त्यांना पाठवण्यात काय अर्थ आहे?

पाठवलेच पाहिजे. तुम्ही लिहिले आहे की तुमच्या क्लबमधील तीन मुले राष्ट्रीय आंतरजिल्हा ज्युनियर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेसाठी, म्हणजे आपण सगळे जिला ‘निडजॅम’ म्हणतो तिच्यासाठी, जिल्हा संघात निवडली गेली आहेत. मागे गेलेली मुले पहिल्याच फेरीत बाद होऊन परतली होती. तेव्हा वर्गणीचा पैसा पुन्हा खर्च करावा का आणि करायचाच तर तयारी कशी करून घ्यावी, असे तुम्ही विचारता. यातला पहिला प्रश्न आमच्या क्लबचे खजिनदार दर बैठकीत विचारतात, त्यामुळे त्याचे उत्तर माझ्याकडे तयार असते.

आमचा क्लब माण तालुक्यातला. मैदान मुरमाचे, रेषा फक्कीच्या, आणि लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू पावसाळ्यानंतर फावड्याने उकरल्याशिवाय मोकळी होत नाही. याच तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकमधील धावण्याच्या शर्यतीत अंतिम फेरीला पोहोचली होती. त्यांचे नाव आमच्याकडे प्रत्येक सत्कार समारंभाच्या भाषणात येते, मात्र मुलांच्या प्रवासखर्चाचा विषय निघाला की कोणालाच आठवत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत ही स्पर्धा पाटण्याला झाली. आमची एक मुलगी सोळा वर्षांखालील गटात लांब उडीसाठी निवडली गेली होती. तिने सिंथेटिक, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम पृष्ठभागाचा, ट्रॅक तोवर फक्त मोबाइलवर पाहिला होता. निवड झाल्या झाल्या मी बैठकीत मागणी केली की तिला पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सिंथेटिकवर निदान दोन दिवस सरावाला न्यावे. खर्च एसटीच्या भाड्याचा आणि राहण्या-जेवणाचा, एवढाच होता. खजिनदारांनी ‘तरतूद नाही’ असे सांगून विषय संपवला. त्याच महिन्यात वार्षिक समारंभाचा फ्लेक्स लागला, त्यावर सर्व पदाधिकाऱ्यांचे चेहरे होते आणि खेळाडूंची नावे खाली बारीक अक्षरांत होती. त्या फ्लेक्सच्या पैशांत पुण्याला जाऊन-येऊन भागले असते.

लांब उडीत मुरूम आणि सिंथेटिक यांतला फरक काय करतो, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून पटत नाही. मुरमावर पाऊल थोडे घसरते आणि जोर मातीत जिरतो. सिंथेटिकवर तोच जोर पायाला परत मिळतो, प्रत्येक ढांग जराशी लांबते आणि पंधरा-सोळा ढांगांच्या रन-अपच्या, म्हणजे उडीआधीच्या धावेच्या, शेवटी खेळाडू बोर्डाच्या, म्हणजे जिथून उडी घ्यायची त्या फळीच्या, पुढे जाऊन पडतो. शिवाय नोव्हेंबर २०२१ पासून नियम कडक झाला आहे. पूर्वी बोर्डापुढच्या प्लॅस्टिसिनच्या मऊ पट्टीवर खूण उमटली की फाउल धरत. आता बुटाचे टोक टेक-ऑफ रेषेच्या उभ्या पातळीपुढे गेले, तरी फाउल. आमच्या मैदानावर जमिनीत पुरलेली सागाची फळी हाच बोर्ड असल्यामुळे असल्या बारकाव्यांची सवय मुलांना लागणार कोठून?

पाटण्याच्या त्या सकाळी हवा गार होती आणि ती मुलगी बोर्डापासून मागे पावले मोजत होती, टाचेला चवडा लावून, जशी ती गावी मोजते तशी. शेजारच्या मुलींनी फायबरची टेप अंथरली होती. त्यांचा रन-अप मीटर आणि सेंटिमीटरमध्ये वहीत लिहिलेला होता. पहिली उडी, लाल झेंडा, म्हणजे फाउल. मी कठड्याबाहेरून ओरडून सांगितले, “दोन पावलं मागं घे.” गोंगाटात तिला ते अर्धेच ऐकू गेले असावे, कारण ती पाऊलभरच मागे सरकली आणि दुसऱ्या उडीलाही लाल झेंडाच वर गेला. तिसऱ्या आणि शेवटच्या संधीला तिने वेग आवरला, बोर्डाच्या वीतभर अलीकडूनच उडी घेतली आणि पांढरा झेंडा मिळवला. अंतर तिच्या जिल्ह्यातल्या उडीपेक्षा बरेच कमी भरले आणि पुढच्या फेरीचा प्रश्न तिथेच मिटला.

परतल्यावर खजिनदारांनी बैठकीत विचारले, “फाउल मारायला एवढ्या लांब बिहारला जायची काय गरज होती?” मी तेव्हा जे म्हणालो तेच येथे लिहितो. ते दोन फाउल त्या मुलीचे नव्हते, ज्यांनी तिला बालेवाडी दाखवली नाही त्यांचे होते. तिने मात्र गावी आल्यावर पहिली मागणी केली ती टेपची. बांधकामाच्या दुकानातून तीस मीटरची टेप आणली, तिचा रन-अप मोजून वहीत लिहिला, आणि सिंथेटिकसाठी तो किती मागे न्यायचा याचा वेगळा आकडा आम्ही नंतर बालेवाडीलाच, माझ्या खर्चाने जाऊन, काढला. पुढच्या हंगामातील राज्य स्पर्धेत तिचा एकही फाउल झाला नाही. पदक मिळाले नाही, पण स्वतःची सर्वोत्तम उडी तिने तिथे मारली. पाटण्याला गेलीच नसती, तर ती आजही पावलेच मोजत राहिली असती.

खजिनदारांचे दुसरे आवडते उदाहरण अविनाश साबळे यांचे आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा मुलगा लष्करात भरती झाल्यावर अ‍ॅथलेटिक्सकडे वळला आणि तरीही २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवून केनियाच्या धावपटूंच्या रांगेत उभा राहिला. मग लहान वयात राष्ट्रीय स्पर्धांचा अट्टहास कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. साबळे यांना महार रेजिमेंट मिळाली. मैदान, खुराक, प्रशिक्षक आणि पगार, सर्व एका ठिकाणी. चौदा वर्षांच्या मुलीला कोणती रेजिमेंट घेणार आहे? तिची रेजिमेंट म्हणजे तुमचा-आमचा क्लब, आणि तिचा खजिनदार फ्लेक्स छापतो आहे.

आता तुमच्या तयारीच्या प्रश्नाकडे येतो. सिंथेटिकवर सराव हवाच, एक दिवस मिळाला तरी चालेल. मुरमावर वापरायचे बुटांचे लांब खिळे सिंथेटिकवर चालत नाहीत, बहुतेक प्रकारांत नऊ मिलिमीटरपर्यंतच मुभा असते. तेव्हा खिळ्यांचा दुसरा संच आणि ते बदलायची चावी पिशवीत ठेवा. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंची हजेरी घेतात त्या खोलीत, मुलाला एकट्याने जावे लागते, म्हणून छातीवरचा क्रमांक लावण्यापासून आपले नाव पुकारले गेले हे ओळखण्यापर्यंत सर्व काही गावातच दोन-तीनदा करून घ्या. हिंदीत पुकारलेले आपले आडनाव मुलांना पटकन ओळखू येत नाही, हा माझा अनुभव आहे. स्पर्धेच्या दिवशी नवे काही खायला देऊ नका; घरची दशमी आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासातही टिकते. आणि मुलाला पदकाचे लक्ष्य देण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम कामगिरीचा आकडा द्या.

काही गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्या तिघांपैकी कोणाचा जन्मदाखला ‘दुरुस्त’ केलेला असेल, तर त्याला पाठवू नका. वयाच्या पडताळणीसाठी मनगटाचा एक्स-रे काढतात, आणि पकडला जातो तो मुलगा, दाखला करून आणणारा मोकळा राहतो. कोणी दुखापत लपवत असेल, तर त्यालाही थांबवा. दहावीच्या वर्षात स्पर्धेची तारीख परीक्षेजवळ आली, तर निर्णय घरच्यांवर सोडा. क्रीडा गुण आणि नोकरीतील पाच टक्के आरक्षण डोळ्यांपुढे ठेवून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पळवणारे पालक मला मान्य नाहीत, परंतु दुष्काळी भागातल्या घराने तसा हिशेब केला तर मी त्यांच्याशी वाद घालत नाही. संघात मुलगी असेल, तर सोबत एक महिला गेलीच पाहिजे, आणि तिचा खर्च क्लबनेच करावा. तुमचे खजिनदार ‘तरतूद नाही’ म्हणाले, तर मागील वर्षाच्या सत्काराचा हिशेब सभेत वाचून दाखवायला सांगा. आमच्याकडे तो अजून वाचला गेलेला नाही.