लाकडी चर्च सरळ करण्याआधी

सोलापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद. न्यूझीलंडमधल्या त्या जुन्या लाकडी चर्चच्या कामावर तुला घेतलं, वाचून छाती फुगली. पण भूकंपाने कलला म्हणतात तो सांगाडा ओढून सरळ करायचा आणि पोलादी पट्ट्यांनी आवळायचं ठरतंय, हे काही पटलं नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही इथून त्या भागात गेलो होतो. माळवदाची घरं, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर फूट-दोन फूट माती. भिंती ढासळल्या आणि माणसं त्याखाली गेली. त्या ढिगाऱ्यांत कित्येक ठिकाणी खांब-तुळयांचे खण मात्र उभे होते. तुमच्या क्राइस्टचर्चलाही 2011 मध्ये दगडी कॅथेड्रलचा मनोरा कोसळला, 1872 चं लाकडी सेंट मायकल चर्च टिकलं. म्हणून आधी लाकडाला टेकलेलं जड काय आहे ते बघ: विटांची चिमणी, घंटा, दगडी जोतं. घंटा तर आधी उतरवूनच घ्या.

मग जोड. कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाची कोरलेली जीभ, भोकात थोडा हलतो, त्यात आरपार ठोकलेली खुंटी चेपते, धक्क्याचा जोर तिथे जिरतो. चेपलेली खुंटी बदलायची, तीही त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाची. जोड पट्टीने जखडलास तर पुढच्या धक्क्याला बोल्टच्या रेषेत लाकूड उभं चिरेल. शिवाय थंडीत पोलादावर दव धरतं आणि आतून कूज लागते. (आपल्याकडेही जुन्या वाड्यात खांबाच्या बुडाला सिमेंट थापतात आणि ओल कोंडली की वाळवीच्या नावाने बोटं मोडतात.)

कल भूकंपाचाच आहे कशावरून? प्रत्येक खांबाला ओळंबा लाव, जुने फोटो काढून ताडून बघ. बुडाची आडवी तुळई कुजलीय का, ते टोचणीने तपास. क्राइस्टचर्चला वाळूची जमीन धक्क्याने पातळ होऊन खचली होती. पाया बसला असेल तर माथा ओढून काय उपयोग? सरळ करायचंच तर टेकू देऊन, रोज थोडं थोडं. जोड करकरला की थांबायचं. काढलेल्या प्रत्येक लाकडावर नंबर घाल, फळीसुद्धा सोडू नकोस.

पट्ट्यांची ऑर्डर जाण्याआधी एका चेपलेल्या खुंटीचा फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून.

तुझे सर