खनिज तेल तयार होण्यात भूपट्ट आणि जमिनीखालची उष्णता यांचा काय हात असतो?

भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकते तुकडे. ते भांडं घडवतात, उष्णता शिजवते. मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचंच बघा. साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला, पश्चिम किनारा ताणला जाऊन खचला आणि त्या खळग्यांत सेंद्रिय गाळ थरावर थर साचत गेला. खाली जाऊ तसं दर किलोमीटरला तापमान साधारण २५-३० अंशांनी वाढतं. गाळ ६० ते १२० अंशांत लाखो वर्षं राहिला की तेल. दीडशेच्या वर गेला की बहुतेक गॅसच. (आच मोठी झाली की काम बिघडतंच!) इथलं तेल वर सरकून मायोसीन काळातल्या (साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) सच्छिद्र चुनखडीत अडकलं, ते १९७४ साली सापडलं. आणि हो, तेल डायनासोरांपासून बनत नाही. सूक्ष्म जीव आणि वनस्पतींपासून बनतं.