मालक बदलले, माउंट तोच

प्रश्न : माझ्याकडे पेंटॅक्स के-70 कॅमेरा आहे आणि वडिलांची एम मालिकेतली 50 मिमी एफ/1.7 लेन्स आहे. ‘मालक सारखे बदलले, म्हणून पेंटॅक्स मागे पडली,’ असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का? शिवाय ही लेन्स लावली की शटरच चालत नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या होया कंपनीने 31 मार्च 2008 रोजी पेंटॅक्सला स्वतःत विलीन करून घेतलं. तिला मुख्यतः पेंटॅक्सचा एंडोस्कोपचा (शरीरात आत पाहण्याच्या वैद्यकीय नळीचा) व्यवसाय हवा होता. तरीही के-7 (2009), के-5 आणि 40 मेगापिक्सेलचा 645डी (दोन्ही 2010) हे उत्तम कॅमेरे तिच्याच काळात आले. 1 ऑक्टोबर 2011 रोजी कॅमेरे रिको कंपनीकडे गेले, एंडोस्कोप होयाकडेच राहिले.

फुल-फ्रेमला (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) उशीर झाला, त्याचं खापर मात्र या मालकांवर फोडू नये. 2000 मध्ये दाखवलेला नमुना खर्च झेपेना म्हणून पेंटॅक्सनेच 2001 मध्ये सोडून दिला होता. फुल-फ्रेम के-1 शेवटी रिकोने 2016 मध्ये आणला. रिकोने मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) शर्यतीत न धावता आरशाचा डीएसएलआर धरून ठेवला. नवी मॉडेलं त्यामुळे मोजकीच येतात, पण 1975 चा के-माउंट (लेन्स बॉडीला जोडायची खाच) जिवंत आहे, आणि आमच्या मते लेन्स जपणाऱ्याला हेच मोलाचं. मिनोल्टा कॅमेरेवाल्यांना हे भाग्य लाभलं नाही: 2006 मध्ये त्यांचा ए-माउंट सोनीकडे गेला आणि 2016 च्या ए99-2 नंतर त्यात नवी बॉडीच आली नाही.

आता तुमची लेन्स. एम मालिकेच्या अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) रिंगवर ‘ए’ म्हणजे ऑटो ही खूण नसते आणि रिंग कितीवर आहे हे वाचणारा खटका या बॉडीत नाही, म्हणून कॅमेरा शटर अडवून धरतो. कस्टम मेनूत अ‍ॅपर्चर रिंग वापरायची परवानगी द्या. मोडची डायल एम (मॅन्युअल) वर ठेवा, रिंग समजा एफ/8 वर फिरवा आणि हिरवं बटण दाबा. लेन्सचं छिद्र क्षणभर तेवढं मिटतं, प्रकाश मोजला जातो, शटरचा वेग आपोआप बसतो. उजेड बदलला की पुन्हा दाबा. एव्ही मोडमध्ये (छिद्र आपण, वेग कॅमेरा ठरवतो तो) फोटो काढलात, तर रिंग कुठेही असो, लेन्स पूर्ण उघडीच राहील. कॅमेरा सुरू होताना फोकल लांबी विचारेल, तिथे 50 भरा. चुकीचा आकडा भरला तर हादरे थोपवणारी यंत्रणाच फोटो पुसट करते.